हात न दाखवता अवलक्षण

मी तापट नाही. ज्यांना मी तापट वाटतो त्यांना माणसं ओळखता येत नाहीत, आणि असली माणसं माझ्या नशिबाला जरा जास्तच आली आहेत, एवढंच. बायको, दुकानातली गिऱ्हाइकं, स्काउट पथकातली पोरं, त्या पोरांचे आईबाप, सगळे माझ्याबद्दल एकच गैरसमज बाळगून आहेत. इतक्या जणांचा एकच गैरसमज कसा काय होतो, हा प्रश्न मला गेल्या वर्षापर्यंत पडला नव्हता.

माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांच्या नाकावर ती जड चाचणीची फ्रेम ठेवायची, एकामागून एक भिंगं बदलायची आणि 'आता बरं दिसतंय की मघाशी?' असं विचारत राहायचं, हा माझा धंदा. शनिवारी दुपारनंतर मात्र मी स्काउटमास्तर. सुटलेलं पोट खाकी चड्डीच्या पट्ट्यात कोंबून, गळ्यात निळा स्कार्फ घालून मी वीसेक वर्षं पोरांना गाठी मारायला, तंबू ठोकायला आणि वाट चुकल्यावर न रडायला शिकवतो आहे. पगार नाही. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. पोरं मला मागून 'भिंग' म्हणतात आणि समोर 'सर', पण ते 'सर' अशा आवाजात म्हणतात की त्यापेक्षा भिंग परवडलं.

पथकात माझ्या जोडीला मोठा माणूस एकच, पाना. धंद्याने प्लंबर. त्याच्या खिशात कायम पाना असतो, शिबिरातसुद्धा, जिथे आसपास कुठे नळाचा पत्ता नसतो. आम्ही दोघं एकाच महिन्यात पथकात आलो आणि पहिल्याच शनिवारी भांडलो, तेव्हापासूनची दोस्ती. आमची वाटणी सरळ आहे. मी बोलतो, तो करतो. मी तंबूबद्दल सांगत असतो तोवर त्याने तंबू उभा केलेला असतो.

आता पदकाचं सांगतो, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं. पोरांना छातीभर बिल्ले मिळतात. पोहलं की बिल्ला, चूल पेटवली की बिल्ला, म्हातारीला रस्ता ओलांडून दिला की शाबासकी वेगळी. मोठ्यांसाठी मात्र आमच्या जिल्हा संघटनेत वर्षाला एकच पदक, तेही एकालाच: रुपेरी गाठ. चांदीच्या तारेची, अंगठ्याच्या नखाएवढी, निळ्या फितीवर शिवलेली. मोडीत घातली तर चहाचे पैसे सुटायचे नाहीत. पण ती खिशावर लावून कोणी सभागृहात शिरलं की भलीभली माणसं खुर्ची सोडून उठतात.

ती द्यायची रीतही आमची निराळी. वशिला चालू नये म्हणून जुन्या लोकांनी घालून दिलेली. ज्याला नाव सुचवायचंय तो ते फक्त अध्यक्षबाईंच्या कानात सांगतो. अध्यक्षबाई म्हणजे इस्पितळातल्या निवृत्त मेट्रन. त्यांच्या कानात गेलेली गोष्ट तिथेच राहते. मग वार्षिक सभेत कोणीतरी उभं राहून त्या माणसाबद्दल बोलतं, पण नाव घेत नाही. तो माणूस तिथेच कुठेतरी बसलेला असतो आणि त्याला स्वतःला पत्ता लागता कामा नये. बोलणं संपलं की सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि ज्याला पटलं त्याने डावा हात वर करायचा. डावाच का, तर स्काउट हातही डावाच मिळवतात, तो काळजाजवळचा म्हणून. मेट्रनबाई एकट्या डोळे उघडे ठेवून मोजतात. सगळे हात वर असले तरच नाव जाहीर होतं. एक जरी हात खाली राहिला तरी पदक वर्षभर कपाटात जातं, आणि हात कोणाचा होता हे मेट्रनबाई सांगत नाहीत. बोलणाऱ्यालाही मत असतं, हे लक्षात ठेवा.

असं बिननावाचं बोलण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही. बाईचा बुवा, ओढ्याची नदी, टेम्पोची होडी करून मी असं सांगतो की ज्याच्याबद्दल चाललंय तोच शेजाऱ्याला विचारतो, कोण हो हा भला माणूस? एका गृहस्थाने उभ्या आयुष्यात पथकासाठी एकच काम केलं होतं, बंद पडलेली गाडी ढकलली होती. मी त्या ढकलण्यावर असा बोललो की मागच्या रांगेतल्या दोघी रडल्या. त्याला गाठ मिळाली. त्यानंतर त्याने गाडीसुद्धा ढकलली नाही.

अशा पंधरा-वीस जणांना मी पदकं मिळवून दिली. माझ्या खिशावर मात्र काही नाही. कारण उघड आहे, माझ्याबद्दल चांगलं बोलायचं तर बोलायला मी लागतो. याचं मला काही वाटत नाही. गणवेशाच्या खिशावर एका फितीएवढी जागा मोकळी सोडून मी बाकीचे बिल्ले थोडे बाजूला शिवून घेतले आहेत, ते केवळ टापटिपीसाठी.

तर गेल्या वर्षी, सभेच्या आदल्या आठवड्यात, पाना दुकानात आला. गिऱ्हाईक गेलं तरी जाईना. शेवटी तपासणीच्या खुर्चीवर बसला, चाचणीची फ्रेम उगाचच नाकावर चढवली आणि तिच्या आडून म्हणाला की यंदा त्याने एक नाव दिलंय. त्याला चारचौघांत उभं राहिलं की घाम फुटतो, तेव्हा बोलायचं मी. नाव तो मला सांगणार नाही, रीत ती रीत. माणूस कसा आहे तेवढं सांगेल, आणि ते सजवण्याचं माझ्याकडे लागलं.

मी म्हटलं सांग. त्याने सांगितलं ते असं. माणूस पथकात वीसेक वर्षं आहे. एकदा पोरांना घेऊन वाट चुकला, एकाच टेकडीला दिवसभर प्रदक्षिणा घातल्या आणि संध्याकाळी म्हणाला की ही परीक्षा होती. शिबिरात बटाटे हमखास जाळतो. भडकतो, आणि मिनिटात विसरतो. वादळात तंबू उडायला लागला तेव्हा खांब धरून उभा राहिला, पोरं ढिम्म झोपून राहिली. एवढं सांगून पाना थांबला, अजून काहीतरी त्याच्या ओठांवर होतं, पण ते त्याने गिळलं. म्हणाला, बाकीचं तू बघ.

तो गेल्यावर मी विचार केला, आणि विचार करायला लागलो की माझं वाटोळं होतं. टेकडीची ती वाट चुकली तेव्हा मोठे आम्ही दोघंच होतो. नकाशा पानाच्या हातात होता. मीच त्याला धरायला दिला होता, कारण मी बोलत होतो. पण हातात कोणाच्या, त्याच्याच ना? बटाटे जळाले ते आच त्याने मोठी केली म्हणून. मी नुसता ढवळत होतो. तंबूचा खांब त्याने बाहेरून धरला होता आणि मी आतून. आणि भडकण्याचं म्हणाल तर एका शिबिरात पानाने रागाने चमचा फेकल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय माझ्याबद्दल बोलायला मलाच कोण सांगेल? म्हणजे उरला कोण? पाना. पठ्ठ्याने स्वतःचंच नाव बाईंच्या कानात घातलं होतं, आणि आता माझ्या तोंडून स्वतःची आरती ओवाळून घेणार होता.

मला फार लागलं ते. वीस वर्षं मी कोणापुढे तोंड वेंगाडलं नाही आणि हा सरळ खुर्चीत बसून मागून गेला. बरं, मागायचं तर मागायचं, वर माझ्याच दुकानात, माझीच फ्रेम नाकावर ठेवून. मला पदक नको होतं असं मी म्हणत नाही. मला ते इतकं हवं होतं की दुसऱ्याला मिळालं की चार दिवस जेवण गोड लागायचं नाही. आणि पानाला मिळालेलं तर दर शनिवारी समोर दिसणार होतं.

सभेच्या दिवशी बायकोने माझा गणवेश स्वतः इस्त्री केला, एरवी ती त्याला हात लावत नाही. चड्डीला अशी कडक घडी घातली की बसताना भीती वाटावी. दारातून निघताना म्हणाली, "अहो, त्या माणसाबद्दल आज जरा बरं बोला." मी विचारलं, तुला काय माहीत माणूस कोण ते. तर ती चप्पल शोधायला लागली. मला वाटलं, पानाने हिलाही फितवलंय. घर फिरलं की वासेही फिरतात, असं काहीतरी पुटपुटत मी पुढे झालो.

सभा शाळेच्या सभागृहात. भिंतींना नवा रंग दिलेला, खुर्च्या पोरांच्या मापाच्या, आणि त्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले पन्नासेक पोक्त स्काउट. पुढच्याच रांगेत शिट्टीवाले सर. हे दुसऱ्या पथकाचे, शाळेत कवायत शिकवतात, झोपतानाही गळ्यातली शिट्टी काढत नसावेत. मैदानाच्या वेळेवरून त्यांचं आणि आमचं वाकडं आहे. त्यांच्या शेजारी पाना, मान खाली घालून. माझी बायको मागे पाहुण्यांत.

मी उभा राहिलो. खोटं बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. फक्त सजवायचं नाही. बाईचा बुवा नाही, ओढ्याची नदी नाही. जे आहे ते, जसं आहे तसं, शिळ्या भाकरीसारखं पुढ्यात टाकायचं.

म्हटलं, हा माणूस वीस वर्षं येतोय, कारण शनिवारी याला घरात कोणी विचारत नसावं. याला दिशा कळत नाहीत, सूर्य समोर असला तरी; एकाच टेकडीला दिवसभर प्रदक्षिणा घालतो. याच्यामुळे आपल्या जिल्ह्यातल्या किमान चार पिढ्यांना बटाटा हा काळा पदार्थ वाटतो. हा पोरांवर ओरडतो तेव्हा शेजारच्या पथकातली पोरंही ताठ उभी राहतात. वादळात खांब धरला म्हणतात, पण मला विचाराल तर त्याने आधारासाठी धरला असावा.

लोक हसत होते. आधी खुसुखुसु, मग मोकळेपणाने. शिट्टीवाले सर डोळे पुसायला लागले. मी मनात म्हटलं, बघ पाना, जगाला तुझी पारख आहे. माझ्या अंगात वारं शिरलं. शेवटी म्हणालो, पदक द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण याला होकायंत्र द्या. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. इतक्या टाळ्या मला कोणाची स्तुती करून कधी मिळाल्या नव्हत्या.

मेट्रनबाईंनी डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले, आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले. म्हटलं, एवढं ऐकल्यावर निम्मे हात खालीच राहणार, त्यांत माझा एक कोणाला मोजता येतोय. कपड्यांची सळसळ झाली. मग बराच वेळ काही नाही. मेट्रनबाई पुन्हा मोजत असाव्यात. मग त्यांचा इस्पितळातला आवाज आला.

"एक हात खाली आहे. उघडा डोळे. पदक कपाटात."

एकच? मी चक्रावलो. एवढं सोलून काढलं तरी एकच? बाकीचे काय बहिरे होते? आणि खरं सांगायचं तर जीव थोडा चरकलाही, कारण म्हणजे पानाचं पदक इतरांच्या मतांनी नाही, निव्वळ माझ्या हाताने पडलं होतं.

चहाच्या टेबलाशी पहिले आले ते शिट्टीवाले सर. माझा डावा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले की फार वाईट झालं. आपलं मैदानावरून काहीही असो, आज त्यांनी हात असा वर केला होता की खांदा दुखतोय. मी विचारलं, तुम्हाला पानाचं एवढं काय? ते म्हणाले, पानाचं काय? मी म्हटलं, मग कोणाचं?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुकानात गिऱ्हाइकाकडे पाहतो तसं, सगळ्यांत मोठं अक्षरही वाचता न आल्यावर.

"अहो, तुमचं," ते म्हणाले. "सगळ्या जिल्ह्याला कळलं की. टेकडी म्हटल्यावरच कळलं."

मी हातातला कप टेबलावर ठेवला. मला एकेक आठवायला लागलं. नकाशा पानाच्या हातात होता, पण 'डावीकडे चला' असं कोण ओरडत होतं? बटाटे कोण ढवळत होतं, आणि ढवळता ढवळता लांडग्याची गोष्ट कोण सांगत होतं? इस्त्री, बायकोचं ते 'जरा बरं बोला', पुढच्या रांगेत मान खाली घालून बसलेला पाना, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. माझी आयुष्यभराची इच्छा पुरी व्हायला पन्नास माणसांनी हात वर केले होते आणि एकाने मागे बांधले होते.

मला तिथून पळून जायचं होतं, पण तेवढ्यात पाना आला. त्याला इतका संतापलेला मी चमच्याच्या वेळीही पाहिला नव्हता. तो शिट्टीवाल्या सरांसमोर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला की मैदानाचा राग असा काढायचा नसतो. सर म्हणाले, मी हात वर केला होता. पाना म्हणाला, डोळे मिटलेले असताना कोणीही काहीही म्हणेल. लोक जमले. कोणी म्हणालं तो नतद्रष्ट कोण ते शोधलंच पाहिजे, कोणी म्हणालं असल्या माणसाला पथकात ठेवू नये, कोणी माझ्या पाठीवरून हात फिरवला. सरांच्या मानेवरची शीर तटतटली होती आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. ते वाईट गृहस्थ नाहीत, नुसते वाजतात जास्त.

मग पानाने गळ्यातला स्कार्फ सोडला, घडी केली आणि बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवला. म्हणाला, "जिथे याच्यासारख्या माणसाला कोणी पाडतं, तिथे मला यायचं नाही. पोरांना सांगा."

मी मेट्रनबाईंकडे पाहिलं. त्या चहा पीत माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी पाहिलेलं होतं, आणि त्या जन्मात बोलणार नव्हत्या. गप्प राहिलो असतो तर चालून गेलं असतं. पण सरांवर बालंट आलं होतं, आणि पाना निघालाच होता. पानाशिवाय पथक म्हणजे मी आणि माझी बडबड, तंबू जमिनीवर.

"तो हात माझा होता," मी म्हणालो.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता मार बसतो. तर शिट्टीवाले सर पुढे झाले आणि त्यांनी मला कडकडून मिठी मारली, शिट्टी रुतली छातीत. म्हणाले, काय हा मोठेपणा. स्वतःला ओळखून, स्वतःचीच टिंगल करून, वर स्वतःच्याच पदकाला नको म्हणणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मग टाळ्या सुरू झाल्या. लोक खरोखर उभे राहिले, जसे रुपेरी गाठीसाठी राहतात तसे.

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. मी काय केलं, तर मान किंचित खाली घातली. वर असंही म्हणालो की पोरं हेच माझं पदक. हे वाक्य मी दुसऱ्यांच्या भाषणात अनेकदा वापरलेलं होतं, हाताशी होतं, वापरलं. पानाने स्कार्फ पुन्हा गळ्यात घातला, घाईत गाठही उलटी मारली. बायकोने मात्र टाळी वाजवली नाही. पंचवीस वर्षं माझ्याबरोबर काढली आहेत तिने. मेट्रनबाई म्हणाल्या, पुरे आता, चहा निवतोय.

घरी आम्ही पानाच्या गाडीतून निघालो. पुढे आम्ही दोघं, मागे पाइपांच्या तुकड्यांत अंग चोरून बायको. पाना खुशीत होता, इतका की एरवी महिन्याभरात बोलतो तेवढं बोलला. म्हणाला, तुलाच बोलायला सांगायचं डोकं वहिनींचं. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर तू लगेच ओळखलं असतंस. आणि चष्म्यांचं त्याने मुद्दाम सांगितलं नव्हतं, नाहीतर मग माझ्यापासून काय लपणार होतं.

मी विचारलं, कसले चष्मे. तो म्हणाला, जी पोरं दोराची गाठ डोळ्यांजवळ नेऊन बघतात त्यांना मी दुकानात बोलवून चष्मे करून देतो ते, त्यांच्या आईबापांना 'जुना पडून होता' असं सांगून. तेच तर सगळ्यांत मोठं होतं, त्याने त्यासाठीच नाव दिलं होतं. मला हे कोणाला माहीत आहे हेच माहीत नव्हतं. तो माझा धंदा आहे, त्यात सांगण्यासारखं काय.

मग सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने विचारलं, "तुला नक्की कधी कळलं रे, मी तुझ्याबद्दल सांगतोय ते?"

खोटं तयार होतं. टेकडी म्हटल्यावर, एवढं म्हटलं की झालं होतं. पण मागून बायको खाकरली. आणि चष्म्यांचं ऐकल्यावर ते खोटं बाहेर येईना.

"नाही कळलं," मी म्हणालो. "मला वाटलं तू स्वतःसाठी मागतोयस. तुला पदक मिळू नये म्हणून मी हात खाली ठेवला."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा कुठे पानाने गाडी काढली. आमच्या कोपऱ्यावर त्याने ती थांबवली. उतरताना मी काहीतरी म्हणायला लागलो तर म्हणाला, "जपून उतरा तुम्ही. पायरी उंच आहे."

तुम्ही. वीस वर्षांत ज्याने मला शिव्यांखेरीज हाक मारली नाही, तो मला तुम्ही म्हणाला. बायकोने घरात आल्यावर विचारलं, जेवता का. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "मग नका जेवू."

पाना पथकात यायचा थांबला नाही. थांबला असता तर बरं झालं असतं, असं मला कित्येक शनिवारी वाटलं. तो वेळेवर यायचा, तंबू ठोकायचा, पोरांशी हसायचा, आणि मला म्हणायचा, सर, तुम्ही जरा बाजूला होता का. सर, तुमचा दोर. मी मुद्दाम भांडण उकरून काढलं, त्याच्या चुलीला नावं ठेवली, तर म्हणाला, तुम्ही म्हणता तसं करू. शिबिरात मी बटाटे जाळले तरी तो गुपचूप खाऊन उठला. माफी मी तीनदा मागितली. तिन्ही वेळा तो म्हणाला, त्यात काय एवढं, आणि पाना काढून कुठलातरी नसलेला नट आवळायला लागला.

जिल्ह्यात मात्र माझा जयजयकार. स्वतःचा हात खाली ठेवणारा माणूस म्हणून माझी गोष्ट नव्या स्वयंसेवकांना सांगतात. मला एका प्रशिक्षण शिबिरात 'नम्रता' या विषयावर व्याख्यान द्यायला बोलावलं. मी गेलो. तास ठरला होता, मी दोन बोललो. मागच्या बाजूला पाना पाण्याची टाकी दुरुस्त करत होता, आणि बोलता बोलता माझं त्याच्याकडे लक्ष गेलं की माझं पुढचं वाक्य हरवायचं.

यंदा मी मेट्रनबाईंच्या कानात पानाचं नाव घातलं. त्या एवढंच म्हणाल्या की या वेळी हात मोकळा ठेवा.

सभेत मीच उभा राहिलो. सोंगढोंग काही केलं नाही, लपवलंही नाही. म्हटलं, हा माणूस बोलत नाही, म्हणून याच्या वाटचं मी बोलून घेतलं. वादळात खांब बाहेरून धरला होता याने, पावसात. मी आत होतो, कोरडा. टेकडीवर वाट चुकलो तेव्हा नकाशा याच्या हातात होता आणि बरोबर वाट याला माहीत होती. मी ओरडत होतो म्हणून हा गप्प राहिला आणि दिवसभर माझ्यामागून चालला, पोरांसमोर माझी फजिती होऊ नये म्हणून. आणि याने एकदा अशा माणसाचं नाव पुढे केलं, ज्याने याचं नाव कधी पुढे केलं नव्हतं. एवढंच. मी बसलो. जिल्ह्यात पहिल्यांदाच माझं भाषण वेळेआधी संपलं.

डोळे मिटले. माझा हात सगळ्यांत आधी वर गेला, कोपर कानाला चिकटून. सळसळ झाली. मेट्रनबाईंनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि सुस्कारा सोडला.

"एक हात खाली आहे," त्या म्हणाल्या. "या पथकाचं करायचं तरी काय?"

सभागृहात आधी कुजबुज, मग टाळ्या. शिट्टीवाले सर म्हणाले की त्या पथकात संतांचीच पैदास होते. मी मान वळवली. पाना पोरांच्या त्या इवल्या खुर्चीत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. मग त्याने मांडीखालून डावा हात काढला, उठला, आणि खुर्च्या सरकवत माझ्यापर्यंत आला. हात पुढे केला. मी उठून माझा डावा हात त्यात दिला.

"फिट्टंफाट," तो म्हणाला. "चल, हो बाजूला. कधीपासून दोरावर पाय देऊन आहेस तू."

खाली पाहिलं तर खरंच, सभेआधी पोरांनी गाठी मारून दाखवल्या तो पथकाचा दोर माझ्या बुटाखाली होता. मी पाय उचलला, त्याने दोर ओढून घेतला, आणि एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही तो गुंडाळायला लागलो. मी चुकीच्या बाजूने गुंडाळतोय असं तो म्हणाला, मी म्हटलं चूक तुझी बाजू आहे, आणि मी जरा मोठ्याने बोललो असेन, कारण मागून बायको म्हणाली, हळू, लोक बघताहेत.